साडेचारशे वर्षांचं देऊळ

विरार स्टेशनच्या पश्चिमेला आगाशीकडे जाणाऱ्या शेअर रिक्षा लागलेल्या असतात. त्या रविवारी सकाळी मी बसलो त्या रिक्षात मागे दोन बायका होत्या, डोक्यात भरगच्च मोगरा, मांडीवर नव्या कपड्यांतलं लेकरू. चालकाने माझ्याकडे वळून विचारलं, "सणाला का?" मी हो म्हटलं. बोळिंजपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसत्या इमारती आहेत, अर्ध्या राहत्या, अर्ध्या बांधून व्हायच्या. त्या संपल्या की हवा बदलते. केळीची पानं दिसू लागतात, विहिरीचे काठ दिसतात, कौलारू घरांच्या ओसरीवर सुकत घातलेली भांडी दिसतात, आणि रिक्षा थांबते ते गाव नंदाखाल.

पेंटेकॉस्टचा रविवार होता. ईस्टरनंतरचा पन्नासावा दिवस. येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो हा दिवस, आणि नंदाखालचं चर्च पवित्र आत्म्याच्याच नावाचं. बाकीच्या ख्रिस्ती जगाला हा सण असतो, नंदाखालला तो गावाचाही असतो. पावसाच्या तोंडावर येतो, त्यामुळे आभाळ झाकोळलेलं आणि मोगरा भरात, असं दोन्ही एकदम मिळतं.

नंदाखालचा धर्मग्राम, म्हणजे पॅरिश, १५७३ सालचा. २०२३ मध्ये त्याला साडेचारशे वर्षं पूर्ण झाली. पुढच्याच वर्षी, २५ जुलै २०२४ ला, याच गावात जन्मलेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना याच देवळात अखेरचा निरोप देण्यात आला. ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. या दोन गोष्टींमुळे नंदाखाल माझ्या मनात ठाण मांडून बसलं होतं. एका लहानशा गावाचं देऊळ साडेचारशे वर्षं टिकतं ते कशाच्या आधारावर, हे मला जवळून पाहायचं होतं.

१५७३ म्हणजे किती मागे, याचा अंदाज मला तारखांतून येत नाही. मराठी पुस्तकांतून येतो. संत एकनाथांनी काशीत 'एकनाथी भागवत' पूर्ण केलं ते शके १४९५ मध्ये, कार्तिकी पौर्णिमेला. म्हणजे १५७३ सालीच. तुकारामांचा जन्म व्हायला अजून पस्तीस वर्षं होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' गोव्यात राचोलला छापून निघालं ते १६१६ मध्ये. शिवाजी महाराजांचा काळ तर त्याच्याही पुढचा. गंगेकाठी नाथांची ओवी पूर्ण होत होती त्याच वर्षी आगाशीच्या वाटेवरच्या या गावात एक धर्मग्राम सुरू होत होता. ही दोन कामं करणाऱ्यांना एकमेकांची वार्ताही नव्हती. आज मात्र दोन्ही मराठीच्या पदरात आहेत.

आदल्या दिवशी मी वसईच्या किल्ल्यात हिंडून आलो होतो, आणि ते बरं झालं. किल्ला पाहिल्याशिवाय नंदाखाल कळत नाही. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांना दिली. पुढच्या दोनशे वर्षांत त्या तटांच्या आत एक अख्खं शहर उभं राहिलं. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा सगळ्या धर्मसंघांनी आपापले मठ आणि चर्चं बांधली. सरदारांनी खर्च केला, दगड घडवले गेले, जमिनीवर घराण्यांची चिन्हं कोरलेल्या समाध्या बसल्या. आता त्या समाध्यांवरून माणसं चालतात. कमानींतून वडाची मुळं उतरली आहेत, छपरं कधीच गेली, आणि लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी वेदीच्या जागी उभी राहतात. संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचं एक चर्च तेवढं दुरुस्त करून वापरात आणलं आहे. बाकी सगळी पडझड.

हे गोन्सालो गार्सिया वसईचेच. आई इथली, वडील पोर्तुगीज सैनिक. जेझुइटांच्या हाताखाली शिकले, जपानला गेले, व्यापारही केला, मनिलाला फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि धर्मकार्यासाठी पुन्हा जपानला परतले. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत त्यांना सव्वीस जणांच्या गटात क्रूसावर चढवून मारण्यात आलं. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिलं. भारतात जन्मलेले ते पहिले संत. नंदाखालचा धर्मग्राम सुरू झाला तेव्हा ते सोळा-सतरा वर्षांचे असतील. त्यांच्या नावाचं चर्च जवळच्याच गास गावात आहे, आणि वसईत गोन्सालो हे नाव अजूनही घरोघरी ऐकू येतं.

किल्ल्यातली देवळं श्रीमंतांची आणि सत्तेची होती. निशाण उतरलं तेव्हा ती ओस पडली. नंदाखालचं, सांडोरचं, आगाशीचं, माणिकपूरचं, रमेदीचं देऊळ गावकऱ्यांचं होतं आणि गावकरी कुठे गेलेच नाहीत. त्यांच्या वाड्या इथे, विहिरी इथे, मयताची माती इथे. मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे, बाकीचं त्याच्याभोवतीचं.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुरू झाली तेव्हा मला बसायला जागा नव्हती. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बाकावर सरकून हाताने बोलावलं. समोर धर्मगुरूंच्या अंगावर लाल झगा. पेंटेकॉस्टला झगा लालच असतो, अग्नीच्या जिभांची ती खूण. आणि माझ्या उजवीकडे, बाकांच्या पुढच्या रांगांत, वयस्कर बायकांची लाल लुगडी. सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी समाजातल्या बायकांचा हा जुना पेहराव. आता तो थोड्याच जणींच्या अंगावर दिसतो, सणासुदीला जास्त. वेदीवरचा लाल आणि बाकांवरचा लाल हे एकमेकांना ठाऊक असल्यासारखे वाटत होते. त्यांच्या मागच्या रांगांत सुना-नातींच्या साड्या, पंजाबी ड्रेस, जीन्स. एकाच घरातल्या तीन पिढ्या कपड्यांवरून मोजता आल्या असत्या.

पहिलं वाचन झालं. त्या दिवशीचं वाचन सगळ्या जगात ठरलेलं असतं: प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय. जेरुसलेममध्ये देशोदेशींचे लोक जमले आहेत आणि शिष्य बोलू लागतात तेव्हा प्रत्येकाला ते आपापल्या भाषेत ऐकू येतं. वाचणारी मुलगी कॉलेजात जाणारी असावी. तिचं मराठी स्वच्छ, ठाशीव, कुठेही अडखळणं नाही. मी मराठीत पुष्कळ सभा-समारंभ ऐकले आहेत, पण शेकडो माणसं एका सुरात, पाठ नसल्यासारखी आणि तरी पूर्ण पाठ, मराठीत प्रार्थना म्हणताहेत हे ऐकताना अंगावर काटा आला. पुण्या-मुंबईतल्या किती मराठी वाचकांना ठाऊक आहे की दर रविवारी वसई तालुक्यात हजारो माणसं मराठीत उपासना करतात? मराठीला पुढे काय होणार याची काळजी करणाऱ्यांनी एकदा इथे येऊन बसावं.

शेजारचे आजोबा मिस्सानंतर पटांगणात माझ्याशी बोलत उभे राहिले. जन्म इथलाच, आयुष्यभर बागायत केली, मधली काही वर्षं मुंबईला नोकरी. "आम्ही पोरं होतो तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये असायची," ते म्हणाले. "फादर वेदीकडे तोंड करून म्हणायचे, आमच्याकडे पाठ. उत्तरं आम्ही घोकलेली. अर्थ विचाराल तर शपथ. पण आमची आजी मागे बसून माळ जपायची, ती आपल्या भाषेत." दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनाविधीच्या सुधारणेला मान्यता दिली आणि लोकभाषांना वेदीवर वाट मिळाली. आजोबांना परिषदेचं वर्ष आठवत नव्हतं, पण पहिली मराठी मिस्सा आठवत होती. "आई रडली होती," एवढंच ते म्हणाले.

ते घरात जी बोलतात ती भाषा वेगळीच. त्यांनी हाक मारली, नातू धावत आला, आणि दोघं एकमेकांशी जे बोलले त्यातलं मला निम्मं कळलं. सामवेदींची ती बोली, कादोडी. वाडवळांची वाडवळी वेगळी, कोळ्यांची वेगळी. देवळात प्रमाण मराठी, घरात बोली, लोकलमध्ये हिंदी, नातवाच्या शाळेत इंग्रजी. बोलीचं काय होणार, असं मी विचारलं तेव्हा आजोबांनी नातवाच्या खांद्यावर हात ठेवला. नातू म्हणाला, "मला येते." आणि लगेच मित्रांकडे पळाला.

या भूमीत ख्रिस्ती धर्म फक्त पोर्तुगिजांच्या गलबतांतून आला असं आपण शाळेत शिकतो. ते पुरतं खरं नाही. सहाव्या शतकातला कॉस्मस नावाचा प्रवासी कल्याणच्या ख्रिस्ती लोकांचा आणि त्यांच्या बिशपचा उल्लेख करून गेला आहे. १३२१ च्या एप्रिलमध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डानस हा डॉमिनिकन साधू वाचला, आणि त्याने त्यांचे देह सोपाऱ्याला आणून पुरले. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा, नंदाखालहून फार लांब नाही. तिथल्याच बुरुड राजाच्या कोटात पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये बौद्ध स्तूप खणून काढला, अशोकाच्या लेखाचा तुकडाही सोपाऱ्यातलाच. अशोकाचा लेख, बुद्धाचा स्तूप आणि फ्रान्सिस्कनांची कबर एका बंदराच्या गावात. उत्तर कोकणचा इतिहास असा थरांचा आहे, आणि आपण त्यातले आपल्या सोयीचे थर तेवढे उचलतो.

धर्मांतराबद्दल गुळमुळीत बोलून चालणार नाही. वसई हातात आल्यावर अंतोनियो दो पोर्तो हा फ्रान्सिस्कन साधू इथे आला. त्याने वसई-ठाण्याच्या पट्ट्यात देवळं, शाळा, अनाथाश्रम उभे केले, आणि बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या लेण्याचं चर्चही त्याच्याच काळात झालं. ते शिवाचं लेणं होतं. हिंदूंची देवळं पाडली गेली, सणांवर बंदी आली, अनाथ मुलांना ख्रिस्ती करण्याचे कायदे झाले, १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं. हे सगळं घडलं. कुणी जुलमाने ख्रिस्ती झाले, कुणी सवलतीसाठी, कुणी साधूंच्या सेवेला पाहून, कुणी शेजारी गेला म्हणून. चार शतकांनंतर कोणत्या घराच्या पूर्वजाने कशासाठी बाप्तिस्म्याचं पाणी घेतलं हे कुणी सांगू शकत नाही. आजोबांना मी हे उघड विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तेव्हा काय झालं ते खरं असेल. पण माझा विश्वास माझा आहे, पोर्तुगिजांचा नाही." याहून नेमकं उत्तर मी कोणत्याही इतिहासग्रंथात वाचलेलं नाही.

मग १७३९. चिमाजी अप्पांची वसई मोहीम आपल्या घराघरांत सांगितली जाते, आणि सांगितली जावी अशीच ती आहे. १७३७ मध्ये ठाणं पडलं, दोन वर्षं साष्टी आणि वसई पेटलेली राहिली, १७३९ च्या मे महिन्यात सुरुंगांनी तटाला खिंडार पडलं आणि किल्लेदाराने तह केला. पोर्तुगीज सन्मानाने बाहेर पडले. त्या तहाचं एक अंग मात्र पोवाड्यांत येत नाही. जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळू द्यावा आणि त्यांच्यासाठी काही देवळं राखू द्यावीत, अशी कलमं त्यात होती. विजयी मराठ्यांनी हे मान्य केलं. मला वाटतं, वसईचा विजय मोठा आहे तो खिंडारामुळे जेवढा, तेवढाच या कलमांमुळे.

तहानंतर किल्ल्यातल्या आणि आसपासच्या देवळांच्या घंटा मराठी सैन्याने विजयाची खूण म्हणून नेल्या. नाशकात गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळावर १७२१ सालची घंटा टांगलेली आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे, घाटावर, आणखी एक आहे, १७०७ ची. भीमाशंकरलाही आहे. मेणवलीची मी पाहिली आहे, तिच्यावर मरियेची आणि बाळाची आकृती आहे. गावकरी तिला हळदकुंकू लावत असत की नाही मला ठाऊक नाही, पण तिची निगा त्यांनी राखली. दोन वेगळ्या धर्मांच्या देवांना हाक मारण्याचं काम एकच धातू तीनशे वर्षं करतो आहे. वसईकरांना या घंटांबद्दल विचारलं की त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नसतो, उलट आपल्या गावची वस्तू लांब कुठेतरी सुखरूप आहे याचं समाधान असतं.

पोर्तुगीज धर्मगुरू गेले तेव्हा गावागावांतल्या ख्रिस्त्यांचं काय झालं असेल, याचा विचार मी पटांगणात उभा राहून बराच वेळ करत होतो. राजाश्रय संपला. जमिनीची उत्पन्नं संपली. गोव्याहून येणाऱ्या देशी धर्मगुरूंनी पुढची बरीच वर्षं ही गावं सांभाळली, एकेका फादरच्या पदरी लांबलांबची गावं असत. काही घरं पुढच्या काळात परत हिंदू झाली, त्यासाठी निर्मळच्या तळ्यावर शुद्धीचे विधीही झाले. पण बहुतेक घरं राहिली. कुणाचं बळ पाठीशी नसताना राहिली. बायकांनी मुलांना क्रूसाची खूण करायला शिकवलं, पुरुषांनी पावसाआधी देवळाची कौलं फेरली, आणि रविवार चुकला नाही. ज्यांना वाटतं की वसईचे ख्रिस्ती पोर्तुगिजांमुळे ख्रिस्ती आहेत, त्यांनी १७३९ नंतरची ही वर्षं मोजावीत. पोर्तुगिजांची दोनशे, त्यांच्यावाचूनची पावणेतीनशेहून जास्त.

पुढचा इतिहास मी भरभर सांगतो, कारण तो बराचसा कागदपत्रांचा आहे. इंग्रज आले. मग चर्चच्या आतच भांडण लागलं: पोर्तुगालच्या राजाला मिळालेला धर्मसत्तेचा हक्क, ज्याला पाद्रोआदो म्हणत, एका बाजूला, आणि रोमची थेट सत्ता दुसऱ्या बाजूला. एकाच टापूत दोन बिशपांचे अधिकार चालायचे, आणि या वादात नाती दुरावली. १८८६ ते १९२८ दमणचा वेगळा धर्मप्रांत होता, तो विसर्जित झाल्यावर हा भाग मुंबईकडे आला. १९९८ च्या मे महिन्यात वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि थॉमस डाबरे त्याचे पहिले बिशप. पापडीच्या देवळाला कॅथेड्रलचा मान मिळाला.

दुपारी आजोबांनी घरी नेलं. जेवल्याशिवाय सोडायचे नाहीत हे त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. तांदळाच्या रोट्या, मटणाचा रस्सा, आणि शेवटी आजींनी केळीच्या सुकलेल्या पानात बांधलेली सुकेळी पुढे केली. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात कित्येक दिवस वाळवली की सुकेळी होते, मधासारखी गोड आणि चिवट. आगाशी-नंदाखाल भागाची ती खासियत. आजी म्हणाल्या, "आता करणारी चार घरं राहिली. ऊन आहे, केळी नाहीत."

घरामागे वाडी होती. पाऊण एकर असेल. केळी, नारळ, सोनचाफ्याची ओळ, एका कडेला पानवेलीचा उरलेला मांडव. आणि मधोमध बावखल. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, बांधीव विहिरीपेक्षा मोठं, काठ उतरता, पावसाचं पाणी जमिनीत मुरवणारं. समुद्र एवढा जवळ असून वसईच्या वाड्यांत गोडं पाणी राहिलं ते या बावखलांनी. पूर्वी त्यावर रहाट असे, बैल फिरत. मुंबईला पहाटेच्या गाडीने भाजी, फुलं, दूध, केळी जायची ती या पाण्यावर. देवळाच्या सणाला वर्गणी यायची ती याच पैशातून. म्हणून मला वाटतं, धर्मग्रामाच्या इतिहासात बिशपांच्या नावांबरोबर बावखलांचीही नावं लिहायला हवीत. पाणी नसतं तर वाडी नसती, वाडी नसती तर गाव उठून गेलं असतं, आणि गाव उठल्यावर देवळाचं काय होतं ते मी किल्ल्यात पाहून आलोच होतो.

आजचं संकट तेच आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला तेव्हा फादर दिब्रिटो रस्त्यावर उतरले. हरित वसई संरक्षण समितीच्या मोर्चांत शेतकरी होते, कोळी होते, शिक्षक होते, हिंदू-ख्रिस्ती असा भेद नव्हता. टँकरने उपसल्या जाणाऱ्या पाण्याविरुद्ध, बेकायदा बांधकामांविरुद्ध, गुंडगिरीविरुद्ध त्यांनी आवाज उठवला, आणि त्यासाठी धमक्याही सोसल्या. १९८३ ते २००७ 'सुवार्ता' मासिकाचं संपादन करताना त्यांनी एका धर्मप्रांताच्या मासिकाला मराठी साहित्याच्या अंगणात आणलं. 'सुबोध बायबल'साठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. लाल लुगड्यांमध्ये बसून ऐकलेली मराठी, वाडीत उपसलेलं पाणी आणि देवळातला क्रूस, या तिन्हींचा त्यांच्या लिहिण्याला वास आहे. उस्मानाबादच्या संमेलनाध्यक्षपदी त्यांची निवड झाली तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरू कसा, म्हणून काहींनी विरोध केला. त्या विरोधकांपैकी एकाने जरी एकदा नंदाखालला येऊन मिस्सा ऐकली असती, तर मराठी कुणाची हा प्रश्न त्याला पडला नसता.

बावखलाच्या पलीकडे, कुंपणाला लागून, एक सहा मजली इमारत उठली होती. तिचं सांडपाणी कुठे जातं ते आजोबांनी बोटानेच दाखवलं. त्यांचा मोठा मुलगा आखातात, धाकटा कॅनडाला. नातू सुट्टीला आलेला. वाडी कोण करणार हे मी विचारलं नाही.

संध्याकाळी परतताना वाट वाकडी करून निर्मळला गेलो. टेकाडावर एका शंकराचार्यांच्या समाधीचं देऊळ, खाली तळं, आणि तिथून जवळच होली क्रॉसचं चर्च. कार्तिकात इथे मोठी जत्रा भरते, त्या जत्रेला सुकेळी विकायला आणि खरेदीला दोन्ही धर्मांची माणसं येतात. ज्या तळ्यावर एके काळी ख्रिस्त्यांना शुद्ध करून घेतलं, त्याच तळ्याच्या काठी आता दोन्ही धर्मांची मुलं क्रिकेट खेळत होती. समाधीच्या पायऱ्यांवर बसलेल्या एका हिंदू बाईंना मी सांगितलं की नंदाखालच्या सणाहून येतोय. त्यांनी लगेच विचारलं, "गर्दी होती का यंदा? आमची शेजारीण गेलीय सकाळपासून."

नंदाखालहून निघताना आजोबांनी कपाटातून जुन्या स्मरणिका काढून दाखवल्या होत्या. वेगवेगळ्या धर्मग्रामांच्या, कुठल्या शतकमहोत्सवाच्या, कुठल्या देवळाच्या दुरुस्तीनंतरच्या. जाहिरातींच्या पानांमध्ये दडलेले लेख: कुणाच्या आजोबांनी घंटेसाठी काय दिलं, प्लेगच्या साथीत कोणत्या वाडीत क्रूस उभारला, कोणत्या फादरांनी मुलींची शाळा काढली. हे सगळं मराठीत, गावच्या शिक्षकांनी, शेतकऱ्यांनी, धर्मभगिनींनी लिहिलेलं. विद्यापीठांतल्या इतिहासकारांना हे साधन ठाऊकच नाही, आणि घरांत या स्मरणिकांच्या प्रती वाळवी आणि रद्दी यांच्या तोंडी आहेत.

वसई, उत्तन, ठाणे, अलिबाग, नगर, मराठवाडा, जिथे कुठे मराठी धर्मग्राम आहेत तिथल्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या देवळाची जुनी स्मरणिका घरात असेल तर ती टाकू नका. एक प्रत जिल्ह्याच्या सार्वजनिक ग्रंथालयाला द्या, एक मराठी ग्रंथसंग्रहालयाला द्या. आणि ग्रंथपालांनो, ती 'धार्मिक' म्हणून बाजूला काढू नका. महाराष्ट्राच्या इतिहासाच्या फडताळात लावा.